दीपवृक्ष नीट कसा वाचायचा: निर्गमपासून प्रकटीकरणापर्यंत

बायबल स्टडीत दीपवृक्षाचा, म्हणजे देवाच्या पवित्रस्थानातल्या सात दिव्यांच्या सोन्याच्या दिव्याचा, विषय निघाला की बहुतेक ठिकाणी पाच मिनिटांत उरकतो. मधला दांडा म्हणजे ख्रिस्त, फांद्या म्हणजे आपण, तेल म्हणजे पवित्र आत्मा, झालं, चला पुढे. हे चूक आहे असं मी म्हणत नाही, पण एवढ्या घाईत ती वस्तूच डोळ्यासमोर उभी राहत नाही आणि ज्या लोकांनी तो दिवा शेकडो वर्षं रोज संध्याकाळी लावला त्यांची गोष्ट तर पूर्ण राहूनच जाते. म्हणून माझी पद्धत सांगते. आधी तो इस्राएलचा दिवा म्हणून बघायचा, कुणीतरी साफ करायचा, तेल घालायचा आणि लावायचा असा खरा दिवा, आणि मग नव्या करारात यायचं. असं केलं की ख्रिस्ती अर्थ कमी होत नाही, उलट तो कशावर उभा आहे ते कळतं.

सामान फार नाही. बायबल, कोरे कागद, तीन रंगांचे पेन आणि एक पेन्सिल. निळ्या पेनाने फक्त हिब्रू शास्त्र जे सांगतं ते लिहायचं, हिरव्याने नंतरची ज्यू परंपरा, म्हणजे मिश्ना, तालमूद वगैरे ज्यू शिक्षकांच्या शिकवणीचे जुने ग्रंथ, लाल पेनाने नवा करार स्वतः जे म्हणतो ते, आणि नंतरच्या ख्रिस्ती शिक्षकांचे अर्थ, पाळकसाहेबांचं प्रवचन, आपल्याला सुचलेलं, हे सगळं पेन्सिलीने. पेन्सिल का, तर ते खोडता येतं. ग्रुपमध्ये घेणार असाल तर एका बैठकीत संपवायचा हट्ट करू नका, दोन-तीन संध्याकाळी लागतातच.

सुरुवात निर्गम २५:३१-४० पासून करा, आणि वाचायच्या आधी कागद पुढे ओढा. एकाने सावकाश वाचायचं, बाकीच्यांनी ऐकून चित्र काढायचं, गुगलवरचा फोटो आधी अजिबात बघायचा नाही. एक दांडा, दोन्ही बाजूंनी तीन-तीन अशा सहा फांद्या, वर सात दिवे. शुद्ध सोनं, एक किक्कार, म्हणजे साधारण ३० किलोच्या वर, आणि सगळं घडीव काम, तुकडे जोडून नाही तर एकाच गोळ्यातून ठोकून काढलेलं. प्रत्येक फांदीवर बदामाच्या फुलाच्या आकाराच्या तीन वाट्या, एक बोंड, एक फूल. दांड्यावर चार वाट्या. चिमटे आणि ताटल्यासुद्धा सोन्याच्या, हे शेवटचं वाक्य लोक गाळतात, ते गाळू नका, आपल्याला पुढे लागणार आहे. आणि मेणबत्त्या काढू नका प्लीज, तिथे तेल आणि वात आहे, आपल्या समईसारखं.

चित्र काढताना लगेच भांडणं सुरू होतात आणि ती व्हायलाच हवीत. फांद्या गोल की सरळ? उंची किती? पाया कसा? शास्त्रात यातलं काही नाही. उंची मोशेला सांगितलेली इथे दिलेली नाही, पायाचा आकार नाही. तालमूदमध्ये उंची अठरा मुठी सांगितली आहे, म्हणजे साधारण दीड मीटर, हे हिरव्या पेनाने. रोममधल्या तीतसच्या कमानीवर, जिच्यावर मंदिराची लूट कोरली आहे, फांद्या गोलाकार वळलेल्या दिसतात, तर मायमोनिदीस या बाराव्या शतकातल्या ज्यू पंडिताच्या हस्तलिखितात त्या सरळ तिरक्या काढल्या आहेत. २००९ साली गालील समुद्राकाठी मग्दाला इथे पहिल्या शतकातल्या सभास्थानात एक कोरीव दगड सापडला, त्यावरही सात फांद्यांचा दीपवृक्ष आहे, मंदिर उभं असतानाच्या काळातला, म्हणजे कोरणाऱ्याने किंवा त्याच्या ओळखीच्या कुणी खरा बघितलेला असू शकतो. आता गुगल करायला हरकत नाही. हे फोटो शेजारी ठेवा आणि बघा आपल्या चित्रात काय शास्त्रातून आलं आणि काय कॅलेंडरवरच्या फोटोतून आलं.

इथेच एक गणित निपटून टाका, कारण ग्रुपमध्ये कुणीतरी ते काढतंच. प्रवचनांत ऐकायला मिळतं की दीपवृक्षावरच्या वाट्या, बोंडं, फुलं मोजली तर ६६ होतात, म्हणजे बायबलची ६६ पुस्तकं, एका बाजूला ३९ आणि दुसऱ्या बाजूला २७. ऐकायला भारी वाटतं. पण हे जमवायला प्रत्येक वाटीमागे एक बोंड आणि एक फूल धरावं लागतं, आणि वचन तर फांदीमागे तीन वाट्या, एक बोंड, एक फूल असं वाचतं. ज्यू परंपरेतली मोजणी २२ वाट्या, ११ बोंडं, ९ फुलं अशी आहे, बेरीज ४२. शिवाय ज्यू लोक तीच हिब्रू पुस्तकं २४ मोजतात आणि कॅथलिक बायबल ७३ पुस्तकांचं आहे. मग ६६ कुणाचे? देवाच्या वचनाला असल्या टेकूची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हे पेन्सिलीनेसुद्धा लिहू नका.

बदामाचं मात्र लिहा. इस्राएलात हिवाळा संपता संपता सगळ्यात आधी फुलणारं झाड बदामाचं, पानं यायच्या आधीच फुलांनी भरून जातं. गणना १७ मध्ये अहरोनाच्या काठीला एका रात्रीत कळ्या, फुलं आणि बदाम येतात, आणि यिर्मया १ मध्ये संदेष्ट्याला पहिला दृष्टांत बदामाच्या डहाळीचा होतो. म्हणजे पवित्रस्थानात सोन्याचं फुललेलं झाड उभं आहे. एदेनातल्या जीवनाच्या झाडाशी त्याचा संबंध अनेकांनी जोडलाय, मलाही तो पटतो, पण वचन तसं उघड म्हणत नाही म्हणून पेन्सिल.

पुढची पायरी म्हणजे दिव्याची जागा आणि दिव्याचं काम, आणि या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ देते. निवासमंडपाचा, म्हणजे रानातल्या प्रवासातल्या उपासनेच्या तंबूचा, नकाशा काढा. पवित्रस्थानात दक्षिणेला दीपवृक्ष, समोर उत्तरेला समक्षतेच्या भाकरींचं मेज, मध्ये अंतरपटापुढे धूपवेदी. वर पडद्यांचे आणि कातड्यांचे थरावर थर, खिडकीचा कुठे उल्लेख नाही. आता गणना ८:१-४ वाचा, दिव्यांचा उजेड दीपवृक्षाच्या समोर पडावा असं सांगितलंय. समोर काय आहे? बारा भाकरी, बारा वंशांसाठी. रात्रभर उजेड त्या भाकरींवर पडतोय. हे नकाशा काढल्याशिवाय लक्षात येत नाही, आणि एकदा लक्षात आलं की लोक गप्प होऊन वहीत बघत बसतात.

मग तेल. निर्गम २७:२०-२१ आणि लेवीय २४:१-४ लागोपाठ वाचा. कुटून काढलेलं शुद्ध जैतुनाचं तेल, आणि ते आणायचं सगळ्या इस्राएल लोकांनी, याजकांनी नाही. संध्याकाळपासून सकाळपर्यंत दिवा जळायचा. निर्गम ३०:७-८ जोडून वाचलं की रोजचं काम पूर्ण दिसतं: सकाळी अहरोन दिवे साफसूफ करतो तेव्हा धूप जाळायचा, संध्याकाळी दिवे लावतो तेव्हा पुन्हा धूप. म्हणजे सोन्याच्या दिव्यापाशी रोज सकाळी काजळी काढणं, जळकी वात चिमट्याने उचलून ताटलीत टाकणं, तेल भरणं. त्या चिमट्यांची आठवण आता करून द्या. मिश्नामध्ये तर तेलाच्या प्रती सांगितल्यात, झाडाच्या शेंड्यावरची पिकलेली फळं वेचायची, कुटायची, टोपलीत ठेवायची आणि दाब न देता आपोआप जे पहिलं तेल गळेल ते दीपवृक्षाला. प्रत्येक दिव्याला अर्धा लोग तेल (लोग हे तेव्हाचं एक माप), हे एवढं की हिवाळ्यातली लांबलचक रात्रही निभावेल. दिवे साफ करायला याजकाला चढता यावं म्हणून दीपवृक्षापुढे तीन पायऱ्यांचा दगड असायचा, तेही मिश्नात आहे.

तेलावरून आपल्याकडची गोष्ट सांगायलाच हवी. कोकणातले बेने इस्राएल, अलिबागच्या आजूबाजूच्या गावांतले मराठी बोलणारे ज्यू, पिढ्यानपिढ्या तेलाचा घाणा चालवायचे आणि शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवायचे, त्यावरून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. दीपवृक्ष हा कुठल्यातरी जुन्या काळातल्या परक्या लोकांचा विषय आहे असं ज्यांना वाटतं त्यांना हे ऐकवा.

या पायरीचा शेवटचा प्रश्न: देवाला दिव्याची गरज काय? हाच प्रश्न तालमूदमध्ये आहे आणि उत्तर फार सुंदर आहे. चाळीस वर्षं रानात इस्राएल त्याच्याच उजेडात चालला, त्याला कसली दिव्याची गरज, हा दिवा जगाला साक्ष म्हणून आहे की देवाची उपस्थिती इस्राएलात राहते. हिरव्या पेनाने मोठं लिहा. मत्तय ५ ला पोचल्यावर तुम्ही याच पानावर परत येणार आहात.

आता एक काळजी घ्यायची. शास्त्रात ‘दिवा’ दिसला की तो दीपवृक्षच असं धरू नका. स्तोत्र ११९:१०५ मधला पावलांसाठीचा दिवा हा हातात धरायचा छोटा मातीचा दिवा, पुढच्या पावलापुरता उजेड देणारा. नीतिसूत्रे ६:२३ मध्ये आज्ञा दिवा आहे, २०:२७ मध्ये माणसाचा आत्मा परमेश्वराचा दिवा आहे. १ राजे ११:३६ मध्ये दाविदाचा दिवा म्हणजे त्याचा वंश यरुशलेमात टिकून राहणं. यांची वेगळी यादी करा. १ शमुवेल ३:३ मात्र मंदिरातल्या दिव्याचंच आहे, देवाचा दीप अजून विझला नव्हता आणि पोरगा शमुवेल तिथेच झोपलेला, एलीची नजर मंद झालेली. पहाटेची वेळ झाली नव्हती एवढंच ते सांगतं असं म्हणता येईल, पण त्या अध्यायात देवाचं वचन दुर्मीळ झालं होतं हेही लिहिलंय, तेव्हा लेखकाने ती ओळ उगाच टाकली नसावी.

उलट अडचणही आहे. मराठी बायबलात आवृत्तीप्रमाणे निर्गमात दीपवृक्ष, प्रकटीकरणात समया आणि मत्तयात दिवठण असे शब्द येतात, त्यामुळे नुसता ‘दीपवृक्ष’ शब्द सर्च केला तर नवा करार हातातून निसटतो. तिन्ही शब्द शोधा.

इतिहास भराभर घ्या. शलमोनाच्या मंदिरात दहा दीपवृक्ष, पाच उजवीकडे, पाच डावीकडे, १ राजे ७:४९. बाबेलने मंदिर जाळलं तेव्हा तेही गेले, यिर्मया ५२:१९. मग जखऱ्या ४, इथे थांबा.

बाबेलहून परत आलेले मूठभर लोक, मंदिर अर्धवट, राजा परका, साल इ.स.पू. ५२० च्या आसपास. जखऱ्याला सोन्याचा दीपवृक्ष दिसतो, वर तेलाचं भांडं, सात दिव्यांना नळ्या, आणि दोन बाजूंना दोन जैतुनाची झाडं, त्यांच्यातून तेल थेट येतंय. आता तुमच्या तेलाच्या पानाशी हे ताडून बघा. वेचणं नाही, कुटणं नाही, घाणा नाही, याजकाची फेरीसुद्धा नाही, झाडच दिव्याला तेल पाजतंय. आणि याच दृष्टांतात जरुब्बाबेल या अधिकाऱ्याला निरोप आहे, बलाने नव्हे, पराक्रमाने नव्हे, तर माझ्या आत्म्याने. तेल म्हणजे आत्मा हे आपण सहज म्हणून टाकतो त्याचा सगळ्यात भक्कम आधार हा अध्याय आहे, आणि तो मूळचा एका थकलेल्या अधिकाऱ्याला अर्धवट बांधकाम पूर्ण करायला दिलेला धीर आहे. सात दिवे म्हणजे सर्व पृथ्वीवर फिरणारे परमेश्वराचे डोळे, ४:१०. दोन झाडं म्हणजे दोन अभिषिक्त, बहुतेक अभ्यासक जरुब्बाबेल आणि मुख्य याजक यहोशवा असं धरतात. हे सगळं निळ्याने लिहा, कारण योहान पत्मोस बेटावर, प्रकटीकरणात, हीच चित्रं वापरणार आहे.

मधला काळ आपल्या प्रॉटेस्टंट बायबलात नाही, तरी कॅथलिक बायबलातलं १ मक्काबी काढून बघाच. अंतियोखस राजाने मंदिर लुटलं त्यात दीपवृक्ष नेला, आणि इ.स.पू. १६४ मध्ये मंदिर शुद्ध केलं तेव्हा नवा करून ठेवला. एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं ही हनुक्काची गोष्ट तालमूदमधली, मक्काबीत ती नाही, म्हणून हिरवा पेन. योहान १०:२२ मध्ये येशू ज्या पुनःप्रतिष्ठेच्या सणाला मंदिरात फिरतोय तो हाच सण.

आता लाल पेन. आधी योहान ८:१२, ‘मी जगाचा प्रकाश आहे’. हे कुठे म्हटलं? ८:२० मध्ये जामदारखान्याजवळ, म्हणजे मंदिराच्या खजिन्याजवळ, असं दिलंय, आणि ७ व्या अध्यायापासून मंडपाचा सण चाललाय. मिश्ना सांगते की या सणात स्त्रियांच्या अंगणात सोन्याचे मोठाले दीपस्तंभ लावायचे, वाती याजकांच्या जुन्या कपड्यांच्या, आणि यरुशलेमातलं एकही अंगण त्या उजेडाशिवाय राहायचं नाही. हे पवित्रस्थानातल्या दीपवृक्षापेक्षा वेगळे दिवे, गल्लत करू नका. पण हे माहीत असलं की ते वाक्य हवेत राहत नाही.

मत्तय ५:१४-१६ वाचताना तालमूदमधलं ते हिरवं पान उघडा. दिवा जगाला साक्ष. येशू त्याच्या शिष्यांना घरातल्या साध्या दिवठणीचं उदाहरण देतो, पण ऐकणारे ज्यू होते, इस्राएलने राष्ट्रांना प्रकाश व्हावं हे यशयातलं वचन त्यांना ठाऊक होतं. इब्री ९:२ मध्ये दीपवृक्षाचं नाव येतं, पण लेखक पुढे म्हणतो की यांविषयी आता सविस्तर सांगता येत नाही. शास्त्राने जिथे थांबायचं ठरवलंय तिथे आपणही जरा दमाने घ्यावं असं मला वाटतं.

आणि मग प्रकटीकरण १:१२-२०. मी त्याआधी तीतसच्या कमानीचा फोटो परत दाखवते. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं, लुटीच्या मिरवणुकीत दीपवृक्ष रोममध्ये खांद्यांवरून नेला, सुमारे ८१ साली कमान उभी राहिली. प्रकटीकरण बहुतेक अभ्यासक त्यानंतरचं, ९५ च्या सुमाराचं मानतात. म्हणजे यरुशलेमात आता दिवा नाही, मंदिर नाही, आणि योहानाला सोन्याच्या सात समया दिसतात, आणि त्यांच्यामधून पायघोळ झगा घातलेला मनुष्याच्या पुत्रासारखा कुणीतरी फिरतोय. समया म्हणजे काय हे वचन स्वतःच सांगतं, इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया या सात मंडळ्या. इथे अंदाजाला जागाच नाही, लाल पेन. दिव्यांमधून फिरणारा तो कोण वाटतो तुम्हाला, निर्गम ३० वाचून आल्यावर? सकाळी वाती नीट करायला येणारा याजक. असं मला दिसतं, पेन्सिलीने लिहा, पण २:५ सोबत वाचा: पश्चात्ताप केला नाहीस तर तुझी समई काढून टाकीन. ही धमकी इफिसच्या मंडळीला आहे, कष्टाळू, चुकीच्या शिक्षणाला न भुलणाऱ्या, पण पहिली प्रीती सोडलेल्या मंडळीला. ‘फांद्या म्हणजे आपण’ म्हणताना हे वचन कुणी काढत नाही.

पुढे ४:५ मधले सात दीप म्हणजे देवाचे सात आत्मे, ५:६ मधल्या कोकऱ्याचे सात डोळे, ११:४ मधली दोन जैतुनाची झाडं आणि दोन समया, हे सगळं जखऱ्या ४ शेजारी उघडं ठेवून वाचा, एकेका ओळीला बाण काढा. आणि २१:२३, २२:५, तिथे दिव्याची गरजच उरत नाही, कोकरा हाच दीप.

नंतरच्या ख्रिस्ती शिक्षकांचं थोडक्यात. साधारण २०० साली अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट सोन्याच्या दीपवृक्षाला ख्रिस्ताचं चिन्ह म्हणतो. ६०० च्या आसपास पोप ग्रेगरी घडीव सोन्यात ख्रिस्ताने सोसलेले घाव बघतो. मला हा अर्थ मनापासून भावतो. पण तो पेन्सिलीतच राहू द्या. आणि याच परंपरेत ज्यू लोकांचा दिवा विझला, आता आमचा पेटला असंही बोललं गेलं, त्याने पुढे फार वाईट गोष्टींना बळ मिळालं, तेव्हा असं वाक्य कुठल्या पुस्तकात सापडलं तर ते सरळ बाजूला ठेवा. आजही सभास्थानात पवित्र कोशापुढे, म्हणजे शास्त्राच्या गुंडाळ्या ठेवायच्या कपाटापुढे, दिवा तेवतो, १९४९ पासून इस्राएल देशाच्या राजचिन्हावर दीपवृक्ष आहे, दोन बाजूंना जैतुनाच्या फांद्या, थेट जखऱ्यातून.

जमलं तर एकदा सभास्थान बघून या. मुंबईत मांडवीचं शार हारहामीम १७९६ चं, पुण्यात लाल देऊळ, अलिबागलाही आहे. आधी फोन करून परवानगी घ्या, शनिवार आणि सणाचे दिवस टाळा, पुरुषांनी डोकं झाका, फोटो विचारूनच काढा. नऊ फांद्यांचा दिवा दिसला तर तो हनुक्काचा. मंदिरातल्या वस्तूची हुबेहूब नक्कल करू नये असं तालमूद सांगतं, म्हणून घरात सात फांद्यांचा करायला पाळणारे लोक कचरतात. कॅथलिक असाल तर तिथून येऊन आपल्या चर्चमधल्या पवित्र साक्रामेंतापुढच्या अखंड दिव्याकडे बघा आणि दोन्ही वहीत मांडून ठेवा, काय सारखं, काय वेगळं.

शेवटी हमखास येणारा प्रश्न: आपण चर्चमध्ये सात फांद्यांचा दीपवृक्ष ठेवला तर चालेल का? ख्रिस्ती लोकांनी तो फार पूर्वीपासून ठेवलाय, जर्मनीत एसेनच्या चर्चमध्ये सुमारे १००० सालचा माणसापेक्षा उंच दीपवृक्ष अजून उभा आहे. तेव्हा ठेवा खुशाल, पण त्याच्यापुढे ज्यू विधीची नक्कल करू नका, खाली प्रकटीकरण १:२० आणि निर्गम २५:३१ ही दोन्ही वचनं लिहा, आणि तेल-वातीचा असेल तर रोज सकाळी साफ कोण करणार ते आधी ठरवा.